आठव्या महिन्यात कोरोना झाला तर बाळाला होतो का? आईने दूध पाजावं का?

तुम्ही लिहिलंय, आठव्या महिन्यातल्या तुमच्या धाकट्या बहिणीची कोरोना टेस्ट पॉझिटिव्ह आली, तिच्या सासूबाई म्हणतात बाळाला अंगावर पाजायचं नाही, आणि सगळं घर बाळाच्या काळजीत आहे. मी मुंबईत लेबर वॉर्डला स्टाफ नर्स आहे. दोन्ही लाटांत कोविडच्या बाळंतिणी सांभाळल्यात. माझं ऐकाल तर आधी बहिणीकडे बघा.

पोटात असतानाच वारेतून (प्लासेंटातून) बाळाला लागण होते, पण क्वचित. २०२० मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात अशी केस सापडली. बाळ बरंच आजारी पडलं, पण बरं झालं. पेपरात आली ती दुर्मिळ म्हणूनच.

आईचं तसं नाही. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय वर सरकतं, फुप्फुसं दाबली जातात; रक्त गोठायची प्रवृत्तीही वाढलेली असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्रेगकोविड, म्हणजे कोविड झालेल्या गरोदर-बाळंत बायकांच्या, नोंदींत पहिल्या लाटेत बाधित गरोदर आणि बाळंत बायकांचा मृत्युदर ०.७ टक्के होता, दुसऱ्या लाटेत ५.७. गरोदर बायकांना लस मिळू लागली जुलै २०२१ मध्ये, लाट ओसरल्यावर! (याचा राग मला अजून आहे.) आता बहुतेकींचं सर्दी-तापावर भागतं. तरी दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांना आजच कळवा. ताप अंगावर काढू नका. पॅरासिटामॉल चालते, पण डोस विचारून. आयबुप्रोफेन मनाने देऊ नका.

ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश पुसा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिरावू द्या. गरोदरपणी ९५च्या खाली गेला, बोलताना धाप लागली, छातीत दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर रात्र असली तरी निघा.

दूध पाजायचंच. चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, तर अजिबात टाकू नका. आईच्या दुधातून कोरोना पसरत नाही, उलट अँटिबॉडीज बाळाला मिळतात. आमच्याकडे बाळंतीण साबणाने हात धुवायची, मास्क नाकावर नीट चढवायची, मग आम्ही बाळ तिच्या कुशीत द्यायचो. एखादीला दमच नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने, घरातल्या धडधाकट माणसाने. पाजून झालं की पाळणा जरा लांब, खिडकी उघडी.

सासूबाईंना काळजीच करायची असेल, तर बाळ बघायला शिंकत-खोकत येणाऱ्या पाहुण्यांना दारातच थांबवायचं काम त्यांच्याकडे द्या. ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमेल.