बँड घेऊन पहिल्यांदा युरोपला निघताय? आधी हे बघा

भावा, सोलापूरचा बँड स्वतःच्या जोरावर युरोपात शो न् रेकॉर्डिंग करायला निघालाय, लई भारी वाटलं!

सगळ्यात आधी व्हिसा. टुरिस्ट म्हणून जाऊन पैसे घेऊन वाजवायचं नाही. आयोजकाकडून रीतसर निमंत्रणपत्र मागव, आणि शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज ६ महिने आधीपासून देता येतो तर शेवटच्या १५ दिवसांवर ढकलू नको, नवे बँड इथंच अडकतात, शो ठरलेला असतो न् पासपोर्ट तिकडंच पडलेला.

गिटार, पेडल, कीबोर्ड, सगळ्यांचे सीरियल नंबर लिहून काढ आणि जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घे. आम्ही घेतलं नव्हतं, परत येताना कीबोर्ड आमचा जुनाच आहे, तिकडून नवा आणलेला नाही हे कस्टमला पटवता पटवता रात्र गेली.

रेकॉर्डिंग टूरच्या शेवटी ठेव, तोवर गाणी हातात मुरलेली असतात, पण शेवटचा शो न् रेकॉर्डिंग यांच्या मध्ये दोन दिवस गायकाच्या गळ्याला आराम पाहिजेच. आणि गाणं स्टुडिओत जाऊन बसवायचं नाही रे, तिकडं तासाचं मीटर पळत असतं, इथंच क्लिकवर (कानात ठेका देणाऱ्या टिकटिकीवर) पक्कं करून जा.

मिक्सिंग, रॉयल्टी नंतर बघू. या महिन्यात आपलं हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह नाहीतर कॉलेजचं गॅदरिंग, मिळेल तिथं पूर्ण सेट सलग वाजवा, न थांबता.