पाऊस सुरू झाला की झोप उडते

जूनच्या पहिल्या आठवड्यात एकतीस वर्षांची एक विवाहित तरुणी पुण्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात आली. लग्नाला चार वर्षे झाली होती, मूल हवे की नको हे बोलणे घरात सतत टळत होते, सासूबाई मधूनमधून विचारत होत्या आणि नवरा समजूतदार असला तरी आता तोही अबोल झाला होता. ‘तुम्हाला मूल नको आहे का?’ असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘मॅडम, मला मूल हवंय. पण पुढे जे दिवस येणार आहेत, त्यात त्याला ढकलायचा मला काय अधिकार?’’ तिची ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, तिच्या संमतीने हे लिहीत आहे.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. २०२१ साली भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातील दहा हजार जणांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत हवामान बदलाबद्दल ‘खूप’ किंवा ‘अतिशय’ काळजी वाटते असे सांगणारे ५९ टक्के होते आणि दहांपैकी सुमारे चौघांना मूल होऊ देण्याविषयी शंका वाटत होती. तरीही पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. ‘इतक्या पुढचा विचार आत्ताच कशाला?’ असे मी सहज बोलून गेले. त्यावर तिने शांतपणे सांगितले की तिचे माहेर चिपळूणचे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी घरात शिरले, आईबाबा माडीवर अडकले, फोन बंद पडले आणि जवळजवळ एक दिवस ते जिवंत आहेत की नाहीत हे तिला पुण्यात बसून कळत नव्हते. ज्याच्या घरातून पूर जाऊन आला आहे, त्याला ‘उगाच चिंता करू नका’ म्हणणे म्हणजे त्याचा अनुभव खोटा ठरवणे होय. मी तिची क्षमा मागितली आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली.

मे महिना संपत आला की तिची झोप कमी होई. रात्री दोन-अडीचला ती मोबाइलवर ढगांची उपग्रहचित्रे पाहत बसे. वातानुकूलन यंत्र लावण्यावरून नवऱ्याशी वाद होत, विमानाने ठरलेली सहल तिने रद्द केली होती, आणि एवढे करूनही ‘माझ्या एकटीच्या वागण्याने काय फरक पडणार?’ या विचाराने ती दिवसचे दिवस सुन्न होऊन बसत असे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत चिंता आणि काळजी या दोन भावना वेगळ्या मानल्या जातात. संकट खरे असले तरी चिंता माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवते, तर काळजी त्याला हातपाय हलवू देते. माझ्या दृष्टीने संकट लहान करून सांगण्याची गरज नव्हती. तिच्या मनात एकमेकांत गुंतलेले प्रश्न सुटे करण्याची होती.

दुसऱ्या भेटीत मी तिला पुराची कारणे कागदावर लिहायला सांगितली. तिने एकच शब्द लिहिला: ‘ग्लोबल वॉर्मिंग’. ते चूक नव्हते. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आणि जंगले तोडून हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिकीकरणापूर्वीच्या दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या पुढे गेले आहे, हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते, आणि अरबी समुद्रही तापतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा हात आहे. हे सारे तिला माहीत होते. पण मी ‘आणखी काय?’ असे विचारत राहिले, तेव्हा कागदावर हळूहळू दुसऱ्या ओळी आल्या: भरतीची वेळ, वाशिष्ठी आणि शिव नदीत साचलेला गाळ, बोडके झालेले डोंगरउतार, पूररेषेच्या आत वाढलेली बांधकामे.

गाळ हा शब्द लिहिताना ती थांबली. पुरानंतर नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांनी साखळी उपोषण केले होते आणि तिचे बाबा त्यात बसले होते. पुढे गाळ काढण्याचे कामही सुरू झाले. ‘‘बाबांना झोप लागते का?’’ मी विचारले. ती म्हणाली, ‘‘लागते. मलाच लागत नाही.’’ ज्यांनी पूर अंगावर घेतला ते वडील झोपू शकत होते आणि दोनशे किलोमीटरवरची मुलगी जागी होती, याचे कारण त्यांचे धैर्य अधिक होते असे मला वाटत नाही. त्यांच्या हाताला काम होते आणि ते काम त्यांना झेपणाऱ्या आकाराचे होते.

तिच्या अपराधी भावनेचेही माप आम्ही घेतले. भारतातील माणशी वार्षिक कार्बन उत्सर्जन साधारण दोन टन, तर अमेरिकेतील त्याच्या सहा-सात पट आहे. वातावरणात साठलेल्या कार्बनचा भार तिने एकटीने वाहण्याचे काहीच कारण नव्हते. पण त्यावरून ‘मग काहीच करायला नको’ असाही निष्कर्ष निघत नाही. आपल्याकडे अजून जवळपास तीन-चतुर्थांश वीज कोळशावर तयार होते, त्यामुळे वातानुकूलन यंत्रावरून रोज रात्री होणाऱ्या भांडणापेक्षा गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा एक ठराव कितीतरी अधिक मोलाचा, हे तिनेच हिशोब मांडून काढले. सामायिक वापराच्या विजेसाठी केंद्राच्या योजनेतून प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान मिळते, हे कागद घेऊन ती सभेत उभी राहिली. वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांना गळतीची भीती वाटत होती; ठराव दुसऱ्या सभेत मंजूर झाला.

मुलाच्या प्रश्नासाठी मी दोघांना एकत्र बोलावले. त्या भेटीत नवऱ्याने तो फोन न लागण्याचा दिवस पहिल्यांदाच सविस्तर ऐकला. इतके दिवस त्याची समजूत अशी होती की तिला मूल नको आहे याचा अर्थ तिला त्याच्याबरोबरचा संसारच नकोसा झाला आहे, आणि हे तो बोलला तेव्हा तिला रडू आवरेना. मूल व्हावे की नाही यावर समुपदेशकाने मत देऊ नये, मी दिलेही नाही. दोन्ही निर्णय सन्मानाचे असू शकतात. माझा आग्रह एवढाच होता की हा निर्णय जगाला शिक्षा म्हणून किंवा स्वतःच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून घेऊ नये, आणि जुलैच्या पावसात रात्री अडीच वाजता तर मुळीच घेऊ नये. त्यांनी दिवाळीनंतर बोलायचे ठरवले आणि तोवर सासूबाईंना उत्तर देण्याची जबाबदारी नवऱ्याने घेतली.

राहिली ती पुराची भीती, आणि ती खरी असल्यामुळे तिच्यावर उपायही खरेच हवे होते. माहेरी विजेचा मीटर वर घेतला, कागदपत्रे माडीवर हलवली, शेजाऱ्यांशी कोणी कोणाला बाहेर काढायचे ते बोलून ठेवले. हवामान खात्याचा अंदाज दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी पाहायचा, बाकी वेळ नाही, असा नियम तिने स्वतः घातला. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असती, काम सुटू लागले असते किंवा जगणेच नको असे वाटले असते, तर मी तिला थांबवून न ठेवता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते; अशा वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते.

जुलैत रत्नागिरी जिल्ह्याला लाल इशारा आला. रात्री नऊ वाजता तिने बाबांना फोन केला. फ्रिज कट्ट्यावर चढवला होता, स्कूटर उंचावरच्या रस्त्यावर नेऊन लावली होती, शेजारच्या आजींना जेवण झाल्यावर आपल्याच माडीवर आणले होते. ‘‘पाणी वाढलं तर मी फोन करीन. तू झोप,’’ बाबा म्हणाले. पुढच्या भेटीत हे सांगताना तिने कबूल केले की साडेतीनला तिला जाग आली, नियम मोडून तिने एकदा अंदाज पाहिला, आणि मग सकाळपर्यंत ती झोपली.