माशांवर पांढरे ठिपके आलेत, निळं औषध घातलं तरी मासे मरताहेत. घरी काय करता येईल?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ६० लिटरची टाकी, त्यात मॉली, टेट्रा आणि दोन गोल्डफिश. नवे मासे सोडल्यावर आठवड्याभरात ठिपके दिसू लागले, दुकानदाराने दिलेलं निळं औषध घातलं, आणि आता उरलेले मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताहेत.

औषधाचा पुढचा डोस आज घालू नका. आधी एअर पंप पूर्ण क्षमतेने चालू करा, तिसरा हिस्सा पाणी बदला, खाणं दोन दिवस बंद ठेवा. नवं पाणी नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं द्रावण घालूनच टाका आणि तापमान टाकीतल्या पाण्याइतकंच ठेवा. निळं औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. अंड्यांसाठी, बुरशीसाठी, वेगळ्या भांड्यात ते चांगलं. मुख्य टाकीत मात्र ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया हेच जिवाणू पचवतात. ते गेले की अमोनिया साचतो आणि मासे गुदमरतात. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घातलात की एक-दोन दिवसांत निळेपणा उतरेल. पुढे दुसरं औषध घालाल तेव्हा हा कार्बन आठवणीने काढा, नाहीतर तो तेही शोषून घेईल.

आता निदान. बहुतेक जण माशाकडे बघून रोग ठरवतात. मी आधी विचारतो, आजारी किती आणि किती वेगाने? सगळे मासे काही तासांत एकदम बिघडले तर दोष पाण्यात. आज एक, परवा दोन, असं पसरत गेलं तर संसर्ग. आणि एकच मासा पंधरवडाभर मलूल, बाकीचे ठणठणीत, तर दुखणं त्या माशाचं स्वतःचं. त्यासाठी अख्ख्या टाकीला औषध पाजण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे मला दोन गोष्टी एकात एक अडकलेल्या दिसतात: ठिपके संसर्गाचे, गुदमरणं बहुधा पाण्याचं. ठिपक्यांचा परजीवी कल्ल्यांतही शिरतो, त्यामुळेही धाप लागते, पण पाणी तपासल्याशिवाय ते ठरवता येणार नाही.

टेस्ट किट नसेल तर दुसरी औषधाची बाटली घेण्याआधी किट घ्या, थेंबांचं. अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, सोबतच बघा, कारण किट एकूण अमोनिया दाखवतं आणि त्यातला विषारी भाग पीएच ७ वरून ८ वर गेला की साधारण दहापट होतो. म्हणजे तोच आकडा एका टाकीत चालून जातो आणि दुसरीत जीव घेतो. अमोनियाने कल्ले लाल, चिडल्यासारखे दिसतात. नायट्राइटने तपकिरी, कारण रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मासे फक्त पहाटेच वर येत असतील आणि टाकीत वनस्पती दाट असतील, तर रोग शोधत बसू नका, वनस्पती रात्री प्राणवायू वापरतात, तेव्हा रात्री हवा चालू ठेवा.

पांढऱ्याचे प्रकार मात्र नीट ओळखायला हवेत, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. ठिपके मिठाच्या कणाएवढे, सुटे, किंचित उठावदार, अंगावर आणि परांवर विखुरलेले, मासा दगडाला अंग घासतोय: हा इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पाठीवर करडा-पांढरट पट्टा किंवा ओठांवर कापसासारखं काही, आणि मासा दोन-तीन दिवसांत खलास: हे जिवाणू, कॉलम्नारिस. लोक याला बुरशी समजतात. इकमध्ये पाणी गरम करतात, पण कॉलम्नारिस गरम पाण्यात जास्त वेगाने पसरतो. खोलीत अंधार करून टॉर्च तिरका मारल्यावर सोनेरी भुकटी चमकली, तर तो व्हेल्वेट, हाही परजीवीचाच रोग. त्यावर तांब्याची औषधं चालतात, पण गोगलगाई आणि कोळंबी त्यात मरतात. आणि तुमच्या गोल्डफिशवरचे ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर ओळीने असतील, तर त्याला काहीही झालेलं नाही. तो वयात आलेला नर आहे. अशा धडधाकट नराला औषधात बुडवलेलं मी बरेचदा पाहिलंय.

तुमच्या वर्णनावरून इकच वाटतो. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली बसतो, तिथे औषध पोचत नाही. पोसला की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो, आत शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून नवा मासा शोधतात तेवढाच एक-दोन दिवसांचा काळ औषधाला त्यांना मारता येतं. म्हणून ठिपके गेल्याबरोबर थांबू नका. ते बऱ्याचदा औषधाने न जाता पिकून गळालेले असतात आणि आठवड्याने दुपटीने परततात. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवा. गार पाण्यात हे चक्र लांबतं, तेव्हा त्याहून जास्त. एकट्या माशाला वेगळं काढून उपयोग नाही, बीज तळाच्या खड्यांत आहे. रोज सायफनने तळ ओढून घ्या, त्यातच अर्धं काम होतं.

तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश असं ३० पर्यंत न्या, पण गोल्डफिश आधी दुसऱ्या टाकीत हलवून. त्यांना गार पाणी मानवतं. त्यांनाही लागण झालेली असणारच, तेव्हा मीठ आणि तळाची सफाई तिथेही करा. तिथलं चक्र फक्त हळू चालेल. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पंप थांबवायचा नाही.

मीठ साधं जाडं, लिटरला १ ग्रॅम. टेट्रा नाजूक असतात, यापुढे जाऊ नका. टाकीच्याच पाण्यात विरघळवून दोन दिवसांत तीन-चार वेळा विभागून घाला. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा, हजाराने भागा, खड्यांसाठी थोडं वजा करा. ६० लिटरच्या टाकीत खरं पाणी पन्नासच्या आसपासच निघतं. औषधाचा डोसही याच आकड्यावर काढायचा. मिठाला रोगाने दाद दिली नाही तर मॅलाकाइट ग्रीनचं तयार औषध, अमोनिया-नायट्राइट शून्यावर आल्यावरच. टेट्रांना आणि खवले नसलेल्या माशांना अर्धा डोस. हे औषध हाताळताना हातमोजे घाला, बोटाला जखम असेल तर टाकीत हात घालूच नका. माशांच्या क्षयाचा जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतो.

पाणी उडून पातळी खाली गेली तर साधं पाणी भरा. मीठ वाफेबरोबर जात नाही. जेवढं पाणी उपसाल तेवढ्यापुरतंच नवं मीठ.