गाडीच्या दुरुस्तीआधी घर विकल्याच्या पैशाचा हिशेब

प्रश्न : मी ५६ वर्षांचा असून साताऱ्याच्या एमआयडीसीतील एका कारखान्यात देखभाल विभागात २७ वर्षे काम केले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. २००९ च्या दिवाळीत १४ लाखांना घेतलेला शाहूपुरीतील फ्लॅट डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात ४६ लाखांना विकला. त्यातून गृहकर्जाचे उरलेले ४ लाख फेडले, ८ लाखांना २०१४ सालची मिनीबस घेतली आणि ५ लाख खर्चून तिच्यात पलंग, ओटा व संडास बसवला. पिवळी पाटी अजून तशीच आहे. जानेवारीपासून मी व पत्नी तिच्यातच राहतो. बँकेतील ओळखीच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ६ लाख 'एकदाच भरायच्या' हमी योजनेत टाकले. उरलेले २३ लाख आणि निवृत्तीचे २४ लाख ठेवींत आहेत. वळवाच्या पहिल्याच पावसात, सौर पॅनेलच्या चौकटीसाठी पाडलेल्या भोकांतून, गाडीचे छत गळले व तळाचा प्लाय फुगला. छत, तळ, वायरिंग, मोठी लिथियम बॅटरी, एसी आणि नवे फर्निचर मिळून ७ लाखांचा अंदाज आला आहे. त्यासाठी १४ टक्क्यांनी पाच वर्षांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे की ठेव मोडावी? घराचे पैसे घरातच घातल्यामुळे कर लागणार नाही, असे धरले आहे. वर्षातून चार महिने गाडी पर्यटकांना भाड्याने देऊन आठ-दहा लाख मिळतील, असाही विचार आहे. आमचा महिन्याचा खर्च ३८ हजार आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे, की कर्ज घेऊ नका, ठेवीतून पावणेतीन लाख काढा आणि सात लाखांचे काम करू नका. त्याचा हिशेब पुढे देतो. परंतु तुमच्या पत्रातील 'घराचे पैसे घरातच घातल्यामुळे कर लागणार नाही' हे वाक्य वाचून मी तुमचे पत्र रांगेतून पुढे काढले, कारण या वाक्याची दुरुस्ती करायला तुमच्याकडे आता जेमतेम दोन आठवडे उरले आहेत.

तुम्ही दोघे त्या गाडीत झोपता, स्वयंपाक करता, तुमच्यासाठी ते घरच आहे, हे मला मान्य आहे. प्राप्तिकर कायद्याला मात्र ते मान्य नाही. घर विकून झालेल्या नफ्यावर कलम ५४ खाली सूट मिळते ती दुसरे निवासी घर घेतले किंवा बांधले तर. गाडी, मग तिच्यात कितीही सोयी असोत, त्या व्याख्येत बसत नाही, आणि म्हणून गाडीत घातलेल्या १३ लाखांपैकी एक रुपयाही या सुटीसाठी धरला जाणार नाही.

आता कर किती ते पाहू. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला दोन पद्धतींपैकी कमी कराची पद्धत मिळते. पहिल्या पद्धतीत ४६ मधून १४ वजा जाता ३२ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे ४ लाख. दुसऱ्या पद्धतीत खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून घ्यायची. २००९-१० चा निर्देशांक १४८ आणि २०२५-२६ चा ३७६ आहे, त्यामुळे तुमचे १४ लाख साडेपस्तीस लाख धरले जातात, नफा साडेदहा लाखांच्या आत येतो आणि त्यावर २० टक्क्यांनी, उपकरासह, सुमारे २ लाख १७ हजार कर होतो. तुम्ही अग्रिम कर भरलेला नाही, तेव्हा त्यावरचे व्याज वेगळे.

हा कर वाचवण्याचे दोन मार्ग अजून उघडे आहेत. एक म्हणजे विक्रीच्या तारखेपासून दोन वर्षांत, डिसेंबर २०२७ पर्यंत, लहानसे का होईना, दुसरे घर घेणे. त्यासाठी आवश्यक ती रक्कम विवरणपत्राच्या मुदतीआधी, ३१ जुलै २०२६ पर्यंत, बँकेतील कॅपिटल गेन्स (भांडवली नफा) खात्यात ठेवावी लागेल. दुसरा मार्ग कलम ५४ईसीच्या रोख्यांचा. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या सरकारी कंपन्यांचे हे रोखे विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत घ्यावे लागतात, म्हणजे तुमच्या बाबतीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. व्याज सव्वापाच टक्के, तेही करपात्र, आणि रक्कम पाच वर्षे अडकते.

तुमच्यासाठी मी रोखे सुचवतो. साडेदहा लाख रोख्यांत गेले तर ठेवीच्या तुलनेत वर्षाला दीड टक्का, म्हणजे सुमारे १६ हजार रुपये व्याज कमी मिळेल, पाच वर्षांत ८० हजार. त्याच्या बदल्यात सव्वादोन लाखांच्या आसपासचा कर वाचतो. शिवाय पाच वर्षांनी तुम्ही ६१ वर्षांचे असाल, आणि रात्रीअपरात्री उठून गाडीचा जॅक लावणे तेव्हा आजइतके सोपे राहणार नाही. त्या वेळी साताऱ्यात किंवा मुलाबाळांजवळ एखादी खोली घेण्यासाठी हीच रक्कम हाताशी येईल. नेमका आकडा सनदी लेखापालाकडून काढून घ्या, पण तो या आठवड्यातच काढा.

दुसरी गोष्ट ती 'एकदाच भरायची' विमा योजना. तुम्ही जोडलेल्या पॉलिसीच्या छायाप्रतीवर हप्ता भरण्याची मुदत सात वर्षे अशी स्पष्ट छापलेली आहे. म्हणजे उरलेले सहा हप्ते, ३६ लाख रुपये, आणि तुमच्याकडे एकूण शिल्लक ४७ लाख. निवृत्त झालेल्या, दरमहा पगार बंद झालेल्या माणसाला वर्षाला ६ लाखांचा हप्ता लावून देणे ही विक्री नव्हे, हा विश्वासघात आहे, आणि असे कागद दर महिन्याला माझ्या टेबलावर येतात म्हणून माझा संताप कमी होत नाही. परताव्याची रक्कम करमुक्त असेल, असेही तुम्हाला सांगण्यात आले. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता एकूण ५ लाखांवर गेला, तर मुदतपूर्तीची रक्कम करपात्र होते. तुमचा हप्ता ६ लाखांचा आहे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता आली असती, ती मुदत गेली. आता विमा कंपनीकडे आणि बँकेकडे, 'एकदाच भरायचे आहेत असे सांगून विकले' अशी लेखी तक्रार पोच घेऊन द्या. महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. काहीही होवो, जानेवारी २०२७ चा दुसरा हप्ता भरू नका. पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर या पॉलिसीला समर्पण मूल्य, म्हणजे मुदतीआधी बंद केल्यास परत मिळणारी रक्कम, मिळेल. त्यात तोटा होईल, परंतु सहातले काही गमावणे हे आणखी ३६ अडकवण्यापेक्षा पुष्कळ बरे.

आता गाडीकडे वळू. पत्रात तुम्ही सहज लिहून गेला आहात की पिवळी पाटी अजून तशीच आहे. म्हणजे नोंदणी पुस्तकात ही गाडी आजही प्रवासी वाहतुकीची मिनीबस आहे आणि आत प्रत्यक्षात आसनांच्या जागी पलंग व ओटा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले आहे. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. दंडापेक्षा मला विम्याची चिंता अधिक वाटते. उद्या वायरिंगमधून आग लागली तर प्रवासी मिनीबस म्हणून उतरवलेल्या विम्याचा दावा नाकारण्यास कंपनीला सबळ कारण मिळते, आणि तुमचा तर सगळा संसारच त्या गाडीत आहे. त्यामुळे एक खिळाही ठोकण्यापूर्वी साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयात जाऊन, कॅराव्हॅन म्हणून खासगी नोंदणी होण्यासाठी आतील रचना कशी असावी लागेल, हे लेखी विचारून घ्या. तळ उचकटायचाच आहे, तर तो त्या रचनेनुसारच पुन्हा बसवला जावा. नाहीतर तेच काम दोनदा होईल.

दुरुस्तीचा क्रमही तुमच्या अंदाजपत्रकात उलटा आहे. कारागिराने आधी तळ धरला आहे, कारण रोज पायाखाली तोच दिसतो. गळती सुरू असताना नवा प्लाय टाकला तर पुढच्या वर्षी तोही फुगेल. सौर पॅनेलच्या चौकटीसाठी छताला पाडलेली भोके हे गळतीचे मूळ आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा आधी छताचा पत्रा, जोडांवरचे जुने सिलिकॉन खरवडून नवे लावणे, गंज घासून प्रायमर. मग वायरिंग, प्रत्येक फाट्याला स्वतंत्र फ्यूज. आणि सर्वांत शेवटी तळ. गॅसची टाकी ठेवलेल्या कप्प्याला खालच्या बाजूला झरोका ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. तुम्ही २७ वर्षे देखभालीत काढलीत, त्यामुळे हे तुम्हाला नवे नसेल, पण राहत्या गाडीत काम करताना माणूस 'आजची रात्र निघू दे' म्हणत अशाच गोष्टी मागे टाकतो.

याच कारणासाठी माझा आग्रह आहे की कामाचे तीन महिने गाडीत राहू नका. सामान इकडून तिकडे हलवत, रोज संध्याकाळी ओल्या सिलिकॉनखाली अंथरूण घालत केलेले काम रेंगाळते, कारागीर अर्धा दिवस वाट पाहतो आणि मजुरी पूर्ण लागते. साताऱ्यात एक खोली महिना सहा-सात हजारांत मिळेल. २० हजारांत गाडी कारागिराच्या ताब्यात मोकळी देता येईल. जूनमध्ये मात्र फक्त छत बंद करून घ्या. पावसाळी हवेत प्लाय आणि रंग वाळत नाहीत, म्हणून तळाचे काम ऑक्टोबरनंतर.

तुमच्याच अंदाजपत्रकातून छत, वायरिंग, तळ व गॅसचा कप्पा यांची बेरीज २ लाख २० हजार होते. त्यात खोलीचे भाडे, नोंदणी आणि नवा विमा धरून पावणेतीन लाख. उरलेले एसी, मोठी बॅटरी व फर्निचर यांचे काम मी सोडून दिले आहे. ४०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत जेमतेम पाच युनिट वीज साठते, आणि एक टनाचा एसी रात्रभर चालवला तर तेवढी तोच घेईल. तुमच्या छतावरील दोन पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी चार युनिटांच्या आसपास देतील, ढगाळ दिवसांत त्याच्या निम्मीही हाती येईलच असे नाही. साताऱ्याच्या हवेत पंख्यावर झोप लागते. त्यासाठी तीन लाखांची व्यवस्था नको.

कर्जाचे म्हणाल, तर ७ लाखांना पाच वर्षे १४ टक्क्यांनी महिना १६ हजार ३०० चा हप्ता पडतो आणि पावणेतीन लाखांहून अधिक व्याज जाते. हा हप्ता भरायचा कशातून? दुरुस्ती आणि रोखे वजा करून उरणाऱ्या रकमेवर, रोख्यांचे व्याज धरून, तुम्हाला महिन्याला साडेतेवीस हजार मिळतील. खर्च ३८ हजार, म्हणजे आजच साडेचौदा हजारांची तूट आहे. ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होईल तेव्हा ती थोडी कमी होईल, पण महागाईने खर्चही तोवर वाढलेला असेल.

ही तूट पर्यटकांच्या भाड्याने भरून निघेल, असे गृहीत धरू नका. गाडी चार महिने पाहुण्यांकडे असेल, तर ते चार महिने तुम्ही दोघे कोठे राहणार, हे पत्रात कोठेच नाही. खासगी नोंदणी केलेली गाडी भाड्याने देता येत नाही, आणि भाड्याची नोंदणी ठेवली तर परवाना, वार्षिक तंदुरुस्ती तपासणी व महागडा विमा लागतो. कासचा फुलांचा हंगाम काही आठवड्यांचा असतो, महाबळेश्वरची गर्दी मुसळधार पावसात ओसरते. रात्रीला ५ हजार आणि वर्षात ४० रात्री असे उदार मनाने धरले तरी २ लाख होतात. त्यातून डिझेल, चालक, धुलाई, मोडतोड जायची आहे. आठ-दहा लाखांचा आकडा कोणी दिला असेल तर त्याला मागील वर्षाचे हिशेब दाखवायला सांगा.

त्यापेक्षा तुमच्या हातातील कौशल्य भरवशाचे आहे. देखभालीतील अनुभवी माणसाला कोडोली-देगाव परिसरातील लहान कारखान्यांत आठवड्यातून तीन दिवसांचे काम मिळू शकते. महिना १५ हजार मिळाले तरी तूट भरते आणि ठेवींच्या मुद्दलाला हात लागत नाही. साठीपर्यंत हे करा. नोकरी सुटताच कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही संपला असेल, तो तुम्ही पत्रात उल्लेखिलेला नाही. दोघांसाठी स्वतंत्र पॉलिसी एसीच्या कितीतरी आधी घ्या.

लेखापालाकडे जाताना २००९ चे खरेदीखत, त्या वेळच्या मुद्रांक शुल्काच्या व नोंदणीच्या पावत्या, डिसेंबरचे विक्रीखत, दलालीची पावती आणि फ्लॅटमध्ये केलेल्या पक्क्या कामांची बिले सोबत न्या; हे खर्चही नफ्यातून वजा होतात. रोख्यांच्या अर्जासाठी पॅन, रद्द केलेला धनादेश आणि डिमॅट खाते असल्यास त्याचा क्रमांक लागेल. विक्रीखतावरील तारीख पाहून सहा महिने मोजा आणि अर्ज शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका.