सात माणसांची इलेक्ट्रिक गाडी आणि तासगावचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराचे सात माणसांचे एकत्र कुटुंब मळ्यातच राहते. चार एकर बाग असून बराचसा माल बेदाण्यासाठी जातो. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि शिक्षक बँकेचा हप्ता वजा जाता दरमहा 64 हजार रुपये त्यांच्या हाती येतात. मुलगी अकरावीत असून नीटची तयारी करते. घरची जुनी डिझेल गाडी वर्षाला साधारण 14 हजार किलोमीटर धावते आणि तिचे 3 लाख रुपये येतील. मुलीच्या नावे 8 लाखांची मुदत ठेव आहे, तर गेल्या हंगामातील 4 लाख रुपये बचत खात्यात आहेत. महिंद्रा एक्सईव्ही 9एस ही गाडी सर्वांत वरच्या पॅकमध्ये, म्हणजे सुखसोयींच्या श्रेणीत, घ्यावी, त्यासाठी ठेव मोडून उरलेल्या 20 लाखांचे सात वर्षांचे कर्ज काढावे, असा त्यांचा विचार आहे. किया कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही हा दुसरा पर्याय त्यांच्या मनात आहे. यांपैकी कोणती गाडी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या प्रश्नात दोन गाड्यांची नावे आहेत, परंतु माझ्या मते कोणती गाडी हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न हप्ता कोणत्या पैशातून जाणार, हा आहे. तुम्ही पत्रात पत्नीचा पगार आणि बागेचे उत्पन्न एकत्र करून वर्षाची एक रक्कम लिहिली आहे आणि तिला बाराने भागून हप्ता परवडतो असा निष्कर्ष काढला आहे. बागेचे पैसे असे महिन्याला येत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. बेदाणा शेडवरून शीतगृहात जातो, दर मनासारखा येईपर्यंत तिथेच राहतो, सौदा झाल्यावरही पट्टीचे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे, पैसे हाती यायला वेळ लागतो आणि दिवाळीच्या आधी झिरो पेमेंटसाठी, म्हणजे मागची सगळी देणी चुकती करण्यासाठी, सौदेच बंद असतात. नेमक्या त्याच सुमारास फळासाठीची गोडी छाटणी झालेली असते आणि औषधांची उधारी वाढत असते. 2019 च्या ऑक्टोबरमधील पावसाने बागांचे काय केले, ते आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच कापला जातो.

म्हणून गाडीचा हप्ता पूर्णपणे पगारातून निघाला पाहिजे आणि तो निघाल्यावर पगारात घरखर्चाला पुरून काही उरलेही पाहिजे, ही माझी पहिली अट आहे. 20 लाखांच्या कर्जावर 9 टक्के व्याजाने सात वर्षांचा हप्ता सुमारे 32,180 रुपये येतो, म्हणजे पगाराचा निम्मा भाग जातो आणि सात वर्षांत 7 लाखांहून अधिक व्याज भरले जाते. घरखर्चाचे तुम्ही लिहिलेले 30 हजार वजा केल्यावर महिन्याला दोन हजारही हाती राहत नाहीत. अशा स्थितीत पहिल्याच अडचणीच्या महिन्यात हात पीक कर्जाच्या पैशाकडे जातो आणि ते कर्ज वेळेत फिटले नाही, तर 3 लाखांपर्यंत शून्यावर येणारे व्याज पुन्हा अंगावर पडते. गाडीमुळे बागेचे स्वस्त कर्ज महाग झालेली घरे मी पाहिली आहेत, त्यामुळे याबाबत मी आग्रहाने लिहीत आहे.

आता इंधनाच्या बचतीकडे येऊ, कारण तुमचा सगळा भर तिच्यावर आहे. जुनी गाडी लिटरला 14 किलोमीटर देत असेल, तर वर्षाला 1,000 लिटर डिझेल लागते आणि 90 रुपये दर धरला तर 90 हजार रुपये होतात. मोठी इलेक्ट्रिक गाडी सात माणसे आणि एसी धरून एका युनिटमध्ये सरासरी सहा किलोमीटर जाईल, असे मी धरते. चार्जिंगमधील गळतीसह वर्षाला सुमारे 2,600 युनिट लागतील. महिन्याला 215-220 युनिट वाढल्यामुळे तुमचे घरगुती बिल 300 युनिटांच्या वरच्या टप्प्यात जाईल, म्हणून मी युनिटला सर्व आकारांसह 14 रुपये धरले आहेत. बाहेरच्या थोड्या महाग चार्जिंगसह हा खर्च 39 हजारांच्या आसपास राहील. देखभालीत वाचणारे पैसे मिळवले, तरी वर्षाची बचत 60 हजारांच्या पुढे जात नाही. तुमच्या मूळ योजनेत मात्र वर्षाला सरासरी 1 लाख रुपये नुसते व्याज जाणार आहे. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या माणसाचा हिशेब निराळा असतो. 14 हजार किलोमीटरवर महागडी गाडी डिझेलच्या बचतीतून फिटत नाही.

तरीही इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या डिझेल गाडीवर 40 टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर तो 5 टक्के आहे. 10 ते 20 लाखांच्या डिझेल गाडीला आपल्या राज्यात 14 टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो आणि इलेक्ट्रिक गाडीला तो माफ आहे. त्यामुळे सात जणांची नवी गाडी घ्यायचीच असेल, तर रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीत इलेक्ट्रिक आता मागे पडत नाही. प्रश्न उरतो तो कोणती घ्यावी आणि किती रकमेची घ्यावी, एवढाच.

किया ईव्ही9 ही खऱ्या अर्थाने मोठी तीन रांगांची गाडी 1 कोटी 30 लाखांना आली, तेव्हा ती बाजूलाच ठेवू. बीवायडी ईमॅक्स 7 ची किंमत 26 लाख 90 हजारांपासून सुरू झाली, त्यामुळे तीही आपल्या मर्यादेबाहेर जाते. तुमच्या दोन गाड्यांमध्ये कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही जुलै 2025 मध्ये 17 लाख 99 हजारांपासून आली, पण तेवढ्या किमतीत 42 युनिटांची बॅटरी मिळते आणि तासगावहून पुण्याला सात माणसे नेण्यासाठी मला ती तोकडी वाटते. 51.4 युनिटांच्या बॅटरीसाठी तेव्हा 22 लाख 49 हजार मोजावे लागत होते. एक्सईव्ही 9एस नोव्हेंबर 2025 मध्ये आली, तेव्हा 59 युनिटांच्या पॅक वन अबव्हची किंमत 19 लाख 95 हजार, त्याच पॅकमध्ये 79 युनिटांची बॅटरी घेतल्यास 21 लाख 95 हजार आणि सर्वांत वरच्या पॅकची किंमत 29 लाख 45 हजार होती. हे आकडे शोरूमच्या किमतीचे आहेत आणि आज तुमच्या हाती पडणारे कोटेशन थोडे वेगळे असू शकेल, परंतु त्यांच्यातील अंतर नीट पाहा. खालच्या आणि वरच्या पॅकमध्ये साडेनऊ लाखांचा फरक आहे. त्यांपैकी बॅटरीचे केवळ दोन लाख आहेत आणि उरलेले साडेसात लाख आतल्या सुखसोयींचे आहेत. साडेसात लाखांत मुलीची ठेव जवळजवळ दुप्पट होते.

म्हणून माझा कौल एक्सईव्ही 9एसच्या 59 युनिटांच्या, सर्वांत खालच्या पॅकला आहे. कॅरेन्स ही अंगाने हलकी, चालवायला सोपी आणि कमी वीज खाणारी गाडी आहे, तिच्यात मला दोष दिसत नाही. तथापि तिची लांबी 4,550 मिलिमीटर आहे आणि 9एसची 4,737, आणि सात माणसांच्या घरात हा फरक सामानाच्या वेळी जाणवतो. पुण्याचा प्रवास वर्षातून पाच-सहा वेळा होतो, असे तुम्ही लिहिले आहे. महामार्गावर युनिटला पाच किलोमीटर धरले, तरी 59 युनिटांत गाडी पुण्याला पोहोचते, फक्त खंबाटकीचा घाट आणि जोराचा एसी धरून वाटेत एकदा अर्धा तास थांबण्याची तयारी ठेवावी. आईंना इतका वेळ सलग बसवत नाही, त्यामुळे तुम्ही एरवीही थांबतच असाल. रोजचा तासगाव-सांगली आणि महिन्याचा मिरजेच्या दवाखान्याचा फेरा यांना मोठी बॅटरी लागत नाही. यंदाचा हंगाम फार चांगला गेला, तर 79 युनिटांसाठी दोन लाख वाढवायला मी विरोध करणार नाही, कारण मोठ्या बॅटरीवर तेवढ्याच किलोमीटरसाठी कमी ताण येतो आणि पुढे विकतानाही तिला मागणी राहील. यापुढच्या एकाही पॅकला माझी संमती नाही.

बुकिंग करण्यापूर्वी आईंना शोरूममध्ये घेऊन जा. गेल्या वर्षी माझ्या एका ग्राहकांच्या सत्तरीच्या आईंना आम्ही अशाच एका गाडीच्या तिसऱ्या रांगेत बसवून पाहिले. मधले आसन पुढे दुमडले, तरी त्यांचा डावा पाय आसनाच्या पट्टीत अडकला, त्यांनी काठी आधी आत ठेवली आणि मग दोन्ही हातांनी दाराची कड धरून स्वतःला वर ओढले. बसल्यावर त्यांचे गुडघे पोटापर्यंत आले, कारण खाली बॅटरी असल्याने पायांखालची जमीन उंच असते. म्हणजे आई-वडील मधल्या रांगेतच बसणार आणि मागे मुले किंवा तुमचे धाकटे बंधू. तिसरी रांग उघडी असताना मागे किती बॅगा मावतात, हेही रिकाम्या बॅगा सोबत नेऊन पाहा. टपावर कॅरिअर लावले, की वारा अडून वीज अधिक जाते.

पैशांची मांडणी मी अशी सुचवते. गाडी, विमा आणि चार्जर धरून अंदाजे 22 लाख रुपये लागतील. चार्जर किमतीत धरला आहे की वेगळा, हे कोटेशनवर लेखी घ्या. जुन्या गाडीचे 3 आणि बचतीतील 4 लाख घालून 15 लाखांचे कर्ज काढावे. सात वर्षांचा हप्ता सुमारे 24,130 रुपये येईल आणि पगारातून घरखर्च जाऊन महिन्याला जवळपास दहा हजार रुपये उरतील. डिझेलचा खर्च सध्या बागेच्या पैशातून होत असल्याने तिकडेही थोडा हात मोकळा होईल. ज्या वर्षी बेदाण्याला दर मिळेल, त्या वर्षी दीड लाख रुपये कर्जखात्यात जादा भरा. दरवर्षी हे जमले, तर कर्ज सव्वाचार वर्षांत संपते आणि एखादा हंगाम बुडाला, तरी ठरलेला हप्ता कोठे अडत नाही. त्यासाठी कर्ज फ्लोटिंग दराचेच मागा, कारण अशा वैयक्तिक कर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जात ही सोय असेलच असे नाही.

गाडी आणि कर्ज दोन्ही पत्नींच्या नावावर घ्या, असे मी आवर्जून सांगते. 10 लाखांवरील गाडीच्या बिलात विक्रेता 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो. पत्नींच्या पॅनवर तो जमा झाला, तर ते सुमारे 20 हजार रुपये त्यांच्या आयकरात वळते होतील. तुमचे उत्पन्न शेतीचे असल्याने तुम्ही विवरणपत्र भरत नाही आणि तुमच्या नावावर तो पैसा अडकून पडेल. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत मिळते, असे तुम्हाला कोणी सांगितले आहे, ते जुने झाले. आयकर कायद्याच्या कलम 80ईईबी खालची ती सवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. राज्याच्या धोरणातील अनुदानही खात्यात जमा होईपर्यंत हिशेबात धरू नका. टोलमाफीही मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी यांवर आहे, त्यामुळे तासवडे आणि आनेवाडीचा टोल खर्चात धरूनच चला.

विम्यात पहिली तीन वर्षे शून्य घसारा (भरपाईतून सुट्या भागांची घट न कापणारे) आणि बॅटरीचे संरक्षण ही दोन्ही जोडकलमे घ्या. मुलीच्या क्लाससाठी गाडी सांगलीत असते आणि 2019 व 2021 मध्ये कृष्णेचे पाणी कोठपर्यंत आले होते, ते लक्षात घेता बॅटरीत पाणी शिरल्यास विमा भरपाई देतो का, हा प्रश्न विमा कंपनीला लेखी विचारलाच पाहिजे.

मळ्यातील विजेविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. घराची वीज गावठाण फीडरवर, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या वाहिनीवर, आहे की शेतीच्या, हे आधी पाहा. शेतीच्या फीडरवर असेल, तर रात्री चार्जिंग होईल याचा भरवसा नाही. पाण्याच्या मोटारीच्या जोडणीवर गाडी लावण्याचा विचारही करू नका, कारण कृषिपंपाची वीज अन्य कामासाठी वापरली, तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर 59 युनिटांची बॅटरी भरायला रात्र पुरत नाही. 7.2 किलोवॅटच्या चार्जरसाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, अर्थिंग नव्याने करावे लागेल आणि महावितरणकडे अर्ज बुकिंगच्या आधी गेला पाहिजे. छतावर 3 किलोवॅटचे सौर पॅनेल लावल्यास पीएम सूर्यघर योजनेतून 78 हजारांचे अनुदान मिळते आणि महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट तयार होतात. ते वर्षभर गाडी चालवून, बिले पाहून मग करा, त्यासाठी आत्ता वेगळे कर्ज नको.

मुलीची 8 लाखांची ठेव कोणत्याही कारणाने मोडू नका. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तर ती रक्कम पुरून उरेल. खासगी महाविद्यालयाची वेळ आली, तर ती पहिल्या वर्षालाही अपुरी पडू शकते, म्हणून पगारातून उरणारे दहा हजार दरमहा तिच्याच नावाने आवर्ती ठेवीत जाऊ द्या. या आठवड्यात वायरमनला बोलावून, शेजारच्या पाण्याच्या मोटारी चालू असताना रात्री नऊच्या सुमारास घरातील व्होल्टेज मोजून घ्या. ते 200 च्या खाली उतरत असेल, तर मला पुन्हा लिहा आणि तोपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका.