वाचकांचे प्रश्न : इंग्रजी शब्दाची जात ओळखायची कशी?

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि इंग्रजी विषय पाचवीपासून सुरू झाला. मुलीचा अभ्यास घेता यावा म्हणून मी आठही ‘पार्ट्स ऑफ स्पीच’च्या व्याख्या नव्याने पाठ केल्या, तरीही वाक्य समोर आले की गोंधळ उडतो. परवा ‘फास्ट’ हा शब्द मी विशेषण म्हणून सांगितला, तर वहीत तो क्रियाविशेषण असल्याची दुरुस्ती होऊन आली. माझे काय चुकते?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आपल्या व्याख्या चुकलेल्या नाहीत. ‘फास्ट या शब्दाची जात कोणती?’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. तो शब्द ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये विशेषण आहे आणि ‘शी रन्स फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. ‘दे फास्ट ऑन मंडेज’ म्हटले की त्याचा अर्थ उपास करणे असा होऊन तो क्रियापद ठरतो, आणि ‘ही ब्रोक हिज फास्ट’मध्ये तोच उपास नाम होतो. शब्द त्या वाक्यात कोणते काम करतो, हे पाहिल्याशिवाय त्याची जात सांगता येत नाही.

हे मराठीतही घडते, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. ‘भीष्माने पण केला’ यातील ‘पण’ नाम आहे आणि ‘बोलावले, पण तो आला नाही’ यातील ‘पण’ उभयान्वयी अव्यय; तरी आपण कधी अडखळत नाही. मात्र मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि सामान्यरूपे बऱ्याचदा खूण पटवून देतात. ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हणा किंवा ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हणा, चावणारा कुत्राच राहतो. इंग्रजी नामांचे असे बहुतेक प्रत्यय काळाच्या ओघात झडून गेले आणि त्यांचे काम शब्दाच्या जागेकडे आले, त्यामुळे ‘द डॉग बिट द मॅन’मधील दोन नामांची अदलाबदल केली की माणूसच कुत्र्याला चावतो. शिवाय इंग्रजी नाम कोणताही प्रत्यय न घेता थेट क्रियापदाच्या जागी जाऊन बसू शकते. आपण ‘बुक’ आणि ‘फोन’ हे शब्द उसने घेतले, पण त्यांना क्रियापद करताना ‘करणे’ जोडावेच लागले. इंग्रजीत ‘बुक अ टिकेट’ आणि ‘फोन मी’ एवढ्यावर भागते.

म्हणून वाक्यातील क्रियापद आधी शोधावे. वाक्याचा काळ बदलून पाहिल्यावर जो शब्द रूप बदलतो, तो बहुधा क्रियापद असतो. मग त्या क्रियापदाला कसे, केव्हा, कुठे असे प्रश्न विचारले की क्रियाविशेषण हाती लागते. शेवटी ‘ली’ दिसले की क्रियाविशेषण, हा शिकवण्यांतून पसरलेला नियम मला तरी धोक्याचा वाटतो, कारण ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे.

खरी अडचण येते ती ‘प्रिपोझिशन’पाशी. त्याला आपण शब्दयोगी अव्यय म्हणतो खरे, पण आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि त्याला चिकटते. इंग्रजीतील अव्यय नामाच्या आधी आणि सुटे उभे राहते. ‘टेबलाखाली’चे ‘अंडर द टेबल’ होते ते यामुळेच. मात्र एक जुनी ओळख येथे उपयोगी पडते. ‘घरामागे विहीर आहे’ यात ‘मागे’ शब्दयोगी आहे, तर ‘तो मागे राहिला’ यात क्रियाविशेषण. तसेच ‘इन द रूम’मधील ‘इन’ प्रिपोझिशन आहे, आणि ज्याच्यापुढे नामच नाही असे ‘ही केम इन’मधील ‘इन’ क्रियाविशेषण आहे. ‘आय वेंट टु होम’ ही आपल्याकडे सर्रास होणारी चूकही येथेच उलगडते : त्या वाक्यात ‘होम’ हे क्रियाविशेषणाचे काम करते, त्यामुळे त्याच्या आधी ‘टु’ लागत नाही.

दोन्ही भाषांतील जातींच्या याद्या इतक्या जुळतात, हा योगायोग नव्हे. आपल्या जुन्या संस्कृत परंपरेत यास्क या विद्वानाने ‘निरुक्त’ या ग्रंथात नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यये) असे चारच वर्ग सांगितले होते; आठ जातींची यादी तिथून आलेली नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणांचा साचा होता. त्यामुळे आपल्याला शाळेत शिकवलेली मराठी जातींची यादी मुलीच्या अभ्यासाला बिनदिक्कत वापरावी.

प्रश्न : ‘अ’, ‘अॅन’ आणि ‘द’ या आर्टिकलांना आठ जातींत स्वतंत्र जागा का नाही?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : प्राचीन ग्रीक व्याकरणाच्या आठ जातींत ती होती. लॅटिनमध्ये आर्टिकलच नसल्यामुळे रोमन व्याकरणकारांनी ते गाळले आणि आठाचा आकडा राखण्यासाठी केवलप्रयोगी अव्ययाला वेगळे स्थान दिले. अठराव्या शतकातील काही इंग्रजी व्याकरणांनी आर्टिकल धरून नऊ जाती मानल्या होत्या. पुढे शालेय पुस्तकांतून त्याची गणना बहुधा विशेषणांत होऊ लागली. आधुनिक व्याकरणे त्याला ‘धिस’, ‘माय’ यांच्यासह ‘डिटरमायनर’ या वेगळ्या गटात ठेवतात.