पहिल्या रात्री घाई नको

दुर्बीण नवी आहे, म्हणून पहिल्याच रात्री मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतले ११० पदार्थ (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका वगैरे) संपवायला निघू नकोस. चार-पाच पुरेत.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला किमान २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाइलकडे एकदा पाहिलंस की सगळी मेहनत पाण्यात. मंद लाल टॉर्चच वापर.

सुरुवात कृत्तिकांपासून कर. हा गुच्छ आकाशात जवळजवळ दोन अंश पसरलेला आहे, म्हणून सगळ्यात कमी वर्धनाचा (म्हणजे चित्र कमीत कमी मोठं करणारा) आयपीस, डोळा लावायचं भिंग, लाव. जास्त वर्धनात गुच्छच हरवतो, नुसते सुटे तारे उरतात. (मी पहिला महिनाभर हीच चूक करत होतो.) मग मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग; मेसिएच्या यादीत तो एम ४२. फोटोतला गुलाबी रंग शोधत बसू नकोस, तो दिसणार नाही. मंद प्रकाशात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, त्यामुळे राखाडी, फार तर हिरवट धूर दिसेल. त्या पेशी दृष्टीच्या केंद्रात नसतात, म्हणून तेजोमेघाकडे थेट न बघता जरा बाजूला बघ. पंख उलगडावेत तसा तो पसरतो. आता वर्धन वाढव, मधल्या ट्रॅपेझियम नावाच्या छोट्या गुच्छाचे चार तारे वेगळे होतील.

एकेका पदार्थाला दहा मिनिटं तरी दे आणि वहीत चित्र काढ, कितीही वेडंवाकडं आलं तरी. पौर्णिमेच्या आसपास तेजोमेघांचा नाद सोड, चंद्रच बघ. भिंगावर दव आलं तर पुसायचं मात्र नाही.